लॅब सोडून सायन्स पॉलिसीत जायचंय? मग कामाला इथून सुरुवात करा

२३ जुलै २०२४ ला बजेट आलं आणि त्यात प्रयोगशाळेत लागणाऱ्या केमिकल्सवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं. ज्यांनी कधी बाहेरून केमिकल मागवलंय, कोटेशनच्या मागे धावलेत, त्यांना वेगळं सांगायला नको की यात ग्रँटचं काय होतं. देशभरातल्या लॅब्जमधून आरडाओरडा झाला आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच सरकारने दर परत १० टक्क्यांवर आणला, फक्त एक अट घातली की माल स्वतःच्या वापरासाठीच आणतोय, विकायला नाही, असं लिहून द्यायचं.

आपल्यापैकी बहुतेकांनी यातून काढलेला अर्थ एकच, सरकारला विज्ञान कळत नाही. पण दर वाढवण्यामागे कारण होतं. 'प्रयोगशाळेतली केमिकल्स' या वर्गवारीच्या नावाखाली शुद्ध अल्कोहोल आयात होतंय आणि ती वाट बंद करायचीय, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे अडचणही खरी होती आणि उपायही होता, ऑगस्टमध्ये घातली तीच अट जुलैमध्ये घालता आली असती. फाईल तयार होत असताना, एखादी लॅब महिन्याला काय काय मागवते हे माहीत असलेलं कोणीतरी तिथे असायला हवं होतं.

हे 'कोणीतरी' होणं म्हणजे सायन्स पॉलिसीचं काम. निर्णय व्हायच्या आधी, योग्य माणसाच्या टेबलावर, त्याला वापरता येईल अशा भाषेत बरोबर माहिती पोचवायची. मी स्वतः बायोलॉजीत पीएचडी केली, मग पोस्टडॉकचा विचार सोडून इकडे आले, आणि आता पुण्या-मुंबईतले पीएचडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षातले बरेच जण विचारतात की ताई कुठून सुरू करू, कुठला कोर्स करू. कोर्स सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी बरंच काही आहे जे लॅबमध्ये असतानाच, फुकट करता येतं, ते सगळं इथे सविस्तर लिहितेय.

आधी हे काम आवडेल का ते बघा

या क्षेत्रात दोन प्रकारची कामं एकत्र नांदतात. एक म्हणजे विज्ञान कसं चालावं याची धोरणं, म्हणजे फंडिंग कोणाला, फेलोशिप किती, उपकरणं खरेदी करायचे नियम काय, जर्नल्सचे पैसे कोण भरणार. दुसरं म्हणजे इतर निर्णयांसाठी विज्ञान वापरणं, जसं जनुकीय बदल केलेलं पीक शेतात येऊ द्यायचं का, पश्चिम घाटात कुठे खाण नको, सांडपाण्यातून साथीचा अंदाज घ्यायचा का. दोन्हीला माणसं लागतात पण स्वभाव वेगळे लागतात. पहिल्यात नियम, बजेट, संस्था यात रस पाहिजे, दुसऱ्यात विषयाची पकड पाहिजे आणि लोकांचा राग ऐकून घ्यायची तयारीही पाहिजे.

रोजचं काम म्हणजे वाचन, टिपणी, मीटिंगचं इतिवृत्त, कोणाकोणाकडून आलेल्या हरकतींचा तक्ता, संसदेत विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा, आणि सतत फोन. पिपेट नाही, स्वतःचा डेटा नाही, आणि बहुतेक वेळा स्वतःचं नावही नाही. तुम्ही लिहिलेला परिच्छेद चार जणांच्या हातून जाऊन ओळखू न येण्याइतका बदलतो आणि दुसऱ्याच्या सहीने बाहेर पडतो. ज्याला फर्स्ट ऑथर असण्यातच समाधान आहे त्याला इथे त्रास होईल, खरंच होईल, म्हणून आधीच सांगतेय.

अजून एक. गाईडशी पटत नाही, प्रयोग चालत नाहीत, म्हणून लॅब सोडायचीय असं असेल तर तो प्रश्न लॅब बदलूनही सुटू शकतो. पॉलिसीत यायला इकडच्या कामाची ओढ पाहिजे. एक साधी परीक्षा देते: एखादा सरकारी मसुदा सलग दोन तास वाचून तुम्हाला प्रश्न पडतायत का झोप येतेय ते बघा.

एकच प्रकरण निवडा आणि मुळापासून वाचून काढा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. दहा विषयांवरचे लेख वाचण्यापेक्षा एका निर्णयाचा पूर्ण प्रवास शोधून काढा, पहिल्या अर्जापासून शेवटच्या आदेशापर्यंत.

बायोलॉजीवाल्यांना मी नेहमी बीटी वांगं सुचवते, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेलं वांगं. बियाणं जालन्याच्या महिको कंपनीचं. नियम १९८९ चे, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालचे, त्यात संशोधनाच्या टप्प्याला डीबीटीकडची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडची, आरसीजीएम ही समिती आणि शेतात सोडायच्या टप्प्याला पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी ही समिती. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला निर्णय दिला की तूर्तास स्थगिती.

तो निर्णय लेखी आहे, लांबलचक आहे, जोडपत्रांसकट वाचायला मिळतो. तो वाचा. तुम्हाला विज्ञान बरोबर का चूक हे ठरवायचं नाहीये, बघायचं हे की एक मंत्री काय काय तराजूत टाकतोय: राज्य सरकारांचा विरोध, चाचण्या कंपनीनेच केल्या किंवा करून घेतल्या हा आक्षेप, वैज्ञानिकांतच एकमत नसणं, स्वतंत्र नियामक यंत्रणा नसणं, आणि वांग्याची अशी काही टंचाई नाही की आजच्या आज घाई करावी. यातल्या निम्म्या गोष्टींना रिसर्च पेपरमध्ये जागाच नसते. पण निर्णय त्यांच्यावरच झाला. आणि मग पुढे या, ३० मार्च २०२२ ला पर्यावरण मंत्रालयाने जीन एडिटिंगच्या दोन प्रकारांना, ज्यात परकं जनुक शेवटी उरत नाही, त्याच १९८९ च्या नियमांतल्या बऱ्याच कलमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये जीन एडिटेड भाताचे दोन वाण जाहीर झाले. तीच मंत्रालयं, तेच नियम, पण वाट वेगळी निघाली. का निघाली याचं तुमचं स्वतःचं उत्तर दोन पानांत लिहून काढलंत की तुम्ही इंटरव्ह्यूला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या पुढे गेलात.

इकॉलॉजी, जिऑलॉजीवाल्यांसाठी पश्चिम घाट. माधव गाडगीळ समिती २०१० ची, अहवाल २०११ चा, पण मंत्रालयाने तो दाबून ठेवला आणि माहितीच्या अधिकारातून, कोर्टापर्यंत प्रकरण जाऊन २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. मग कस्तुरीरंगन समिती, २०१३ चा अहवाल, आणि त्यानंतर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा, सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा इथल्या वाचकांना यात वेगळी गोडी वाटेल कारण गावांची नावं ओळखीची आहेत. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारा, गावाला विचारून ठरवायचं का वरून रेघ मारायची, आणि प्रत्येक समितीने त्याचं उत्तर कुठल्या डेटावर दिलं.

केमिस्ट्री, फिजिक्स, इंजिनिअरिंगवाल्यांनी खरेदीचे नियम घ्यावेत. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून उपकरण घेताना काय होतं ते तुम्ही भोगलंयच. ५ जून २०२५ च्या आदेशात अर्थ मंत्रालयाने संशोधन संस्थांच्या संचालकांना आणि कुलगुरूंना वैज्ञानिक उपकरणं आणि कन्झ्युमेबल्स जेमच्या बाहेर घ्यायची मुभा दिली, विनाकोटेशन खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली, खरेदी समितीमार्फतची १० लाखांवरून २५ लाख. हे कसं घडलं, आधी कोणी काय मागितलं होतं, आणि तुमच्या संस्थेत प्रत्यक्षात ते लागू झालंय का, हे शोधणं हाच एक छान अभ्यास आहे.

पेन कोणाच्या हातात आहे ते शोधा

लॅबमध्ये असताना आपल्याला डीएसटी (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), डीबीटी, सीएसआयआर, आयसीएमआर एवढीच नावं माहीत असतात कारण फेलोशिप तिथून येते. पण वरची उदाहरणं परत बघा. सीमाशुल्क: अर्थ मंत्रालयातला महसूल विभाग. खरेदीचे नियम: अर्थ मंत्रालयातला व्यय विभाग. बीटी वांगं: पर्यावरण मंत्रालय. विज्ञानावर परिणाम करणारे किती तरी निर्णय विज्ञानाच्या मंत्रालयात होतच नाहीत आणि लॅबमधून आलेल्या माणसाला हे उमगायला वेळ लागतो. म्हणून तुमच्या निवडलेल्या विषयाचा एक कागदी नकाशा करा, कोण मसुदा लिहितं, कोणाचा अभिप्राय लागतो, कोण पैसे देतं, कोण अडवू शकतं, शेवटी सही कोणाची.

दिल्लीतली चार ठिकाणं तरी ओळखीची पाहिजेत. पंतप्रधानांचे नाही तर भारत सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार यांचं ऑफिस, ज्याला सगळे पीएसए ऑफिस म्हणतात, १९९९ पासूनचं, पहिले सल्लागार अब्दुल कलाम, नंतर बीएआरसीतून आलेले आर. चिदंबरम, मग विजयराघवन, २०२२ पासून अजय सूद. हे ऑफिस वेगवेगळ्या मंत्रालयांना एका टेबलावर आणायचं काम करतं. दुसरं नीती आयोग. तिसरं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, २०२३ च्या कायद्याने आलेलं, संशोधनाला ग्रँट देणारं जुनं एसईआरबी त्यात विलीन झालं. चौथी जागा लोक विसरतात ती म्हणजे संसदेची विज्ञान, तंत्रज्ञान आणि पर्यावरण या विषयांची स्थायी समिती, जी दरवर्षी प्रत्येक खात्याला विचारते की गेल्या वर्षीचे पैसे का खर्च झाले नाहीत. तिचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल म्हणजे माहितीची खाण आहे, सगळे फुकट, आणि कुठल्या योजनेत खरंच काय अडलंय हे त्यात जितकं सरळ लिहिलेलं असतं तितकं मला दुसरीकडे फार क्वचित सापडलंय.

आणि राज्य सरकार विसरू नका. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, अनिल काकोडकर त्याचे अध्यक्ष होते, २०२२ मध्ये 'मित्रा' ही नीती आयोगाच्या धर्तीवरची संस्था आली, पुण्यात पीएसए ऑफिसच्या क्लस्टर योजनेतलं पुणे नॉलेज क्लस्टर आहे. राज्याच्या कामात आपल्याला एक मोठा फायदा आहे तो भाषेचा. मंत्रालयातली फाईल मराठीत चालते, जीआर मराठीत निघतो. टिपणी, अभिप्राय, लेखाशीर्ष, वित्त विभागाची सहमती हे शब्द ज्याला कळतात आणि ज्याला पीसीआरही कळतो असा माणूस तिथे दुर्मिळ आहे. राज्य सरकारच्या वेबसाइटवर सगळे शासन निर्णय आहेत, तुमच्या विषयाचे पाच-दहा उतरवून घ्या आणि सुरुवातीचे 'वाचा' खालचे जुने संदर्भ धरून मागे मागे जात राहा, महिनाभरात त्या खात्याची विचार करायची पद्धत लक्षात येते.

दोन पानं लिहायला शिका

पेपर कसा लिहितो आपण? आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग निकाल, चर्चा, आणि शेवटी 'अधिक संशोधनाची गरज आहे'. इथे हे सगळं उलटं. वाचणाऱ्याकडे मीटिंगला जाताना गाडीत दहा मिनिटं असतात, त्याला पहिल्या चार ओळींत कळलं पाहिजे की निर्णय काय घ्यायचाय, कधीपर्यंत, आणि तुमचं म्हणणं काय.

सीमाशुल्काचंच प्रकरण घेऊन मी साधारण असा आराखडा करेन:

विषय: प्रयोगशाळेतल्या केमिकल्सवरचं सीमाशुल्क. निर्णय कोणाचा: महसूल विभाग. शिफारस: स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्यांना १० टक्के, बाकीच्यांना वाढीव दर.

अडचण: वर्गवारीचा गैरवापर करून अल्कोहोल आयात होतं, पण सरसकट वाढीमुळे संशोधन संस्थांचा खर्च फुगतो आणि तो बहुतेक सरकारच्याच ग्रँटमधून जातो.

पर्याय १, वाढीव दर सगळ्यांना: गैरवापर थांबतो, पण चालू प्रकल्प अडकतात. पर्याय २, जुना दर सगळ्यांना: लॅब खूश, गैरवापर चालू. पर्याय ३, वापराची लेखी हमी: दोन्ही साधतं, पण कस्टम्सवर तपासणीचा भार वाढतो आणि लॅबला मटेरियल पुरवणाऱ्या छोट्या विक्रेत्यांचं काय हा प्रश्न राहतो. पर्याय ४, अल्कोहोलसाठी वेगळी वर्गवारी: सगळ्यात स्वच्छ, पण वेळ लागेल.

बघा, प्रत्येक पर्यायाला तोटा लिहिलाय. आपल्या आवडत्या पर्यायाचाही. जो माणूस स्वतःच्या शिफारशीचा तोटा लिहून देतो त्याचं पुढचं टिपण लोक उघडून वाचतात. आणि पैसे कुठून येणार, कोण नाराज होणार, हे दोन प्रश्न लिहायचे राहून गेले तर तुमचं टिपण कितीही हुशार असलं तरी फाईलमध्ये टिकत नाही.

अनिश्चिततेबद्दल मात्र मी फार हट्टी आहे. 'डेटा अपुरा आहे' म्हणून हात वर करायचे नाहीत आणि दुसऱ्या टोकाला जाऊन जे ठाऊक नाही ते ठामपणे सांगायचंही नाही. असं लिहा: एवढं नक्की, एवढं बहुधा, एवढं कळायला अजून अमुक इतका वेळ आणि पैसा लागेल, आणि तोवर थांबलो तर अमुक नुकसान. कोणी वरिष्ठ म्हणाले की हे 'बहुधा' काढून टाक, मजबूत दिसेल, तर नम्रपणे नाही म्हणा. तुम्ही लॅबमधून आणलेली खरी पुंजी तीच आहे.

दर महिन्याला असं एक टिपण लिहा आणि दोन जणांना वाचायला द्या, एक तुमच्या विषयातला, एक अजिबात विज्ञानाशी संबंध नसलेला, मामा, काका, बँकेत काम करणारी मैत्रीण, कोणीही. बँकेतली मैत्रीण जिथे अडखळते ते वाक्य परत लिहायचं.

लॅबमध्ये असतानाच प्रत्यक्ष काम करा

केंद्र सरकारचं २०१४ पासूनचं धोरण आहे की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. वेगवेगळी मंत्रालयं नियम, मार्गदर्शक तत्त्वं, धोरणं यांचे मसुदेही सूचनांसाठी टाकतात. संसदेच्या समित्या विधेयकांवर लेखी निवेदनं मागवतात. तुमच्या विषयाचा मसुदा दिसला की दोन-तीन पानांची सूचना पाठवा, कलम क्रमांक लिहून, 'हे वाक्य असं आहे, ते असं करावं, कारण हे' अशा स्वरूपात. निबंध पाठवू नका, तो कोणी वापरू शकत नाही. लॅबमेट्सना घेऊन एकत्र केलंत तर अजून चांगलं.

माहितीचा अधिकार वापरा, १० रुपये फी. फेलोशिप किती महिने उशिरा येते, कुठल्या योजनेत किती अर्ज आले, किती मंजूर झाले, अशी साधी आकडेवारी मागा. जेआरएफची, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपची, महिन्याची रक्कम २०१९ मध्ये २५ हजारांवरून ३१ हजार झाली आणि २०२३ मध्ये ३७ हजार, दोन्ही वेळा रिसर्च स्कॉलर्सनी देशभर एकत्र येऊन मागणी लावून धरली होती. आता कोणी म्हणेल हे तर आंदोलन, पॉलिसी कुठे? पण मागणीपत्र लिहिणं, महागाईचा हिशेब मांडणं, इतर नोकऱ्यांशी तुलना करणं, डीएसटीशी बोलणं हे सगळं धोरणाचंच काम आहे, आणि ज्यांनी ते केलंय त्यांनी सीव्हीत ते अभिमानाने लिहावं.

एक सावधगिरी. तुम्ही सरकारी संस्थेत कायम नोकरीत असाल तर वर्तणूक नियम लागतात, वर्तमानपत्रात सरकारी धोरणावर लिहायच्या आधी ते वाचा आणि गरज असेल तिथे परवानगी घ्या. स्कॉलर्सना तेवढं बंधन नसतं पण गाईडला आधी कानावर घातलेलं बरं.

दरवाजे कुठे आहेत

सगळ्यात सरळ दार म्हणजे डीएसटीची एसटीआय (विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम) पॉलिसी फेलोशिप. पीएचडी झालेल्यांना आणि तरुण पॉलिसी प्रोफेशनल्सना ती बंगळूरच्या आयआयएससीसारख्या ठिकाणी असलेल्या धोरण संशोधन केंद्रांमधून काम करायला मिळते. जाहिरात ठरलेल्या महिन्यात येतेच असं नाही म्हणून डीएसटीची साइट नियमित बघत राहा. २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यावर काम करणाऱ्या सचिवालयात अशा फेलोंचा मोठा वाटा होता, म्हणजे काम कागदी नाही, खरं आहे.

दुसरं दार, डीएसटी, डीबीटीमधल्या सायंटिस्ट सी, डी या पदांवरचं प्रोग्राम ऑफिसरचं काम, त्याच्यासारखंच बायोटेक उद्योगाला मदत करणारी डीबीटीची बायरॅक आणि संशोधनाला फंडिंग देणारी हैदराबादची इंडिया अलायन्स. याला लोक 'फक्त अ‍ॅडमिन' म्हणून नाक मुरडतात आणि मला ते पटत नाही. कुठल्या योजनेत पैसे का अडकतात, रिव्ह्यू कमिटीत काय बोलतात, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

तिसरं दार थिंक टँक्सचं, म्हणजे धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थांचं. बंगळूरचं सीस्टेप, दिल्लीचं सीईईडब्ल्यू, टेरी, विज्ञान मुत्सद्देगिरीसाठी दिल्लीचं आरआयएस, सीएसआयआरचीच २०२१ मध्ये दोन संस्था एकत्र करून झालेली निस्पर. आणि आपल्या पुण्यातली प्रयास, जिने नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वीज खरेदी कराराचं आकडेमोडीसकट विश्लेषण करून दाखवलं. तांत्रिक माणसाने सार्वजनिक निर्णयात कसं उतरावं याचं याहून चांगलं मराठी मुलखातलं उदाहरण मला माहीत नाही.

करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी अजून एक दार आहे, टायफॅक या डीएसटीच्या संस्थेमार्फत चालणारं पेटंट आणि बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण, आधी ते डब्ल्यूओएस-सी म्हणून ओळखलं जायचं. तिथून पुढे तंत्रज्ञान हस्तांतरण, नियमन अशा कामांकडे वळता येतं.

काही दारं पीएचडीपर्यंत बंद झालेली असतात हेही सांगते म्हणजे वेळ जाणार नाही. खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप २५ वर्षांपर्यंतच्यांसाठी असते, महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिपही पंचविशीच्या आसपासच्या मुलांसाठी. तुमच्या लॅबमध्ये एमएस्सीची मुलं असतील तर त्यांना सांगा, त्यांच्यासाठी उत्तम आहे. परदेशात असलेल्या मराठी पोस्टडॉक्सनी अमेरिकेतल्या एएएएस या वैज्ञानिकांच्या संघटनेच्या पॉलिसी फेलोशिपची अट वाचावी, १९७३ पासूनची नावाजलेली आहे पण अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, व्हिसावर चालत नाही. ब्रिटनमध्ये पीएचडी करत असाल तर तुमच्या फंडिंग कौन्सिलकडे संसदेला विज्ञानावर माहिती देणाऱ्या पोस्ट (POST) या ऑफिसातल्या तीन महिन्यांच्या फेलोशिपबद्दल विचारा, पीएचडी चालू असतानाच करता येते.

आता कोर्स. बंगळूरच्या तक्षशिला संस्थेचा पब्लिक पॉलिसीचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स नोकरी सांभाळून होतो, अर्थशास्त्राची भाषा समजायला पुरेसा. आयआयटी मुंबईत पब्लिक पॉलिसीचं पूर्ण वेळ मास्टर्स आहे, जेएनयूत विज्ञान धोरणाचं जुनं केंद्र आहे. पण पीएचडी झाल्या झाल्या परत दोन वर्षांचं मास्टर्स करायला मी सहसा सांगत नाही. आधी वर लिहिलेली टिपणं लिहा, एक फेलोशिप किंवा इंटर्नशिप करा, मग खरंच काय कमी पडतंय ते कळेल, आणि बहुतेकांना ते अर्थशास्त्र किंवा कायदा असतं, 'पॉलिसी' नावाचं काही नाही.

सीव्ही आणि इंटरव्ह्यू

सीव्ही दोन पानं. पेपरांची यादी एका ओळीत आणा, किती आणि कुठल्या विषयावर. तंत्रांची लांबलचक यादी काढून टाका. त्याऐवजी लिहा की पाच संस्थांमधला प्रकल्प सांभाळला, प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी एथिक्स कमिटीची मंजुरी आणली, अमुक लाखांच्या उपकरणाची खरेदी पार पाडली, बायोसेफ्टी कमिटीसाठी कागदपत्रं तयार केली. तुम्ही नियमांच्या आत राहून काम करून घेतलंय, हे दिसलं पाहिजे. सोबत एक टिपण जोडा, मागितलं नसलं तरी.

बऱ्याच ठिकाणी तासाभराची लेखी परीक्षा असते, एक वीस पानांचा कागद देतात आणि एका पानात सार मागतात. सराव केलेला असेल तर सोपं आहे. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, संशोधन का सोडताय. तक्रारीच्या सुरात उत्तर देऊ नका. तुम्ही निवडलेलं प्रकरण सांगा, त्यात काय अडलं होतं, तुम्ही असता तर काय सुचवलं असतं.

शिफारसपत्रं दोन घ्या, त्यातलं एक गाईडशिवाय दुसऱ्या कोणाचं तरी, ज्यांनी तुमचं लिखाण किंवा संयोजन पाहिलंय.

गाईडशी आणि घरी कसं बोलायचं

गाईडला सांगायची योग्य वेळ म्हणजे थिसिसचं वेळापत्रक दोघांत ठरल्यानंतर. 'सर, थिसिस आणि राहिलेला एक पेपर मी अमुक महिन्यापर्यंत पूर्ण करतेय, त्यानंतर मला पॉलिसीकडे जायचंय, मी गेले काही महिने या विषयावर लिहितेय, हे एक टिपण तुम्ही बघाल का?' असं. हातात कागद असला की बोलणं 'सोडून चाललीस' वरून कामाकडे वळतं. काही गाईड्स नाराज होतात, पण बऱ्याच जणांनी स्वतः कमिट्यांवर काम केलेलं असतं आणि त्यांच्याच ओळखीतून पहिली भेट ठरते, हे मी अनेकदा बघितलंय.

घरी प्रश्न वेगळा. आई-बाबांना 'सायंटिस्ट' कळतं, 'पॉलिसी फेलो' कळत नाही, आणि त्यांची काळजी पैशाची आणि स्थिरतेची असते जी रास्त आहे. आकडे घेऊन बसा. यातली बहुतेक कामं एक-दोन वर्षांच्या करारावर असतात, मुदत वाढते पण वाढेलच असं नाही, दिल्लीत घरभाडं जास्त. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय निघू नका, आणि जाहिरातीतली रक्कम एकत्रित आहे का घरभाडं वेगळं हे विचारूनच होकार द्या.

परतीच्या रस्त्याबद्दलही घरी आणि स्वतःशी स्पष्ट असा. दोनेक वर्षं पेपर नसले तर प्राध्यापकाच्या नोकरीसाठी परत जाणं अवघड होतं. ज्यांना ती वाट उघडी ठेवायचीय त्यांनी पीएचडीतला राहिलेला एखादा पेपर निघायच्या आधी पाठवून ठेवावा, किंवा जिथे धोरणावरचं संशोधन प्रकाशित करता येतं अशा विद्यापीठातल्या केंद्रात जावं.

पहिले सहा महिने

वेगाचा धक्का बसतो, दोन्ही बाजूंनी. सकाळी अकराला फोन येतो की तीनपर्यंत टिपण पाहिजे, आणि दुसरीकडे एखादी गोष्ट वर्षानुवर्षं हलत नाही. सगळ्या देशासाठी जर्नल्सची एकच वर्गणी ही कल्पना डिसेंबर २०२० च्या धोरण मसुद्यात होती, मंत्रिमंडळाची मंजुरी नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाली, ३ वर्षांसाठी ६००० कोटी, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. मधल्या चार वर्षांत प्रकाशकांशी वाटाघाटी करणारी, आकडे जुळवणारी किती माणसं बदलली असतील, म्हणून प्रत्येक कामाची नोंद अशी ठेवा की तुमच्यानंतर येणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

सुरुवातीला मीटिंगमध्ये कमी बोला आणि इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. कंटाळवाणं वाटतं पण कोण कशाला हरकत घेतं, कुठल्या शब्दावर अडतं, हे त्यातूनच कळतं. सेक्शन ऑफिसर, डेस्कवरचे लोक यांच्याशी नीट ओळख करा, फाईल कशी आणि का परत येते हे त्यांना सगळ्यात जास्त माहीत असतं आणि सर, मॅडम करत आदराने विचारलंत तर समजावून सांगतात.

आणि लॅबशी संबंध तोडू नका. महिन्यातून एकदा जुन्या लॅबमेटला फोन करून विचारा की सध्या काय येत नाहीये, काय अडकलंय, फेलोशिप आली का. त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते ऑफिसातल्या अहवालात यायला वर्ष लागतं, आणि नेमक्या त्याच माहितीसाठी तुम्हाला तिथे घेतलेलं असतं.